तीनशे तेरातलं एक तिकीट

१

त्या अपग्रेडमधून प्रकल्पप्रमुखांना काय मिळणार होतं, ते आधी मांडू: आठव्या मजल्यावरची एक खुर्ची. संचालकांच्या रांगेतली, हातांवर चामडं चढवलेली. लिफ्टमध्ये सातव्या मजल्याचं बटण दाबताना सरांचं बोट आधी आठवर जाऊन मग खाली येतं, असं ऑफिसात सगळे म्हणायचे. अर्थात सर लिफ्टमध्ये नसताना.

बाकीच्यांचंही मांडून ठेवू. सर्व्हर सांभाळणाऱ्याला सगळे किल्लीवाला म्हणत. त्याची नऊ वर्षांच्या एका कुरकुऱ्या मशीनपासून सुटका होणार होती. डोसचा हिशेब करणारा कोड लिहिणारा प्रोग्रामर झटपट या नावानं ओळखला जाई. त्याला दिवसातून सहा वेळा ‘कुठवर आलं?’ हे ऐकावं लागणार नव्हतं. ते आता सॉफ्टवेअर विचारणार होतं, आणि सॉफ्टवेअरला उत्तर दिलं नाही तरी ते तोंड पाडून बसत नाही. तपासणी करणाऱ्या ताईंची रिलीजच्या कागदावर सही करण्यातून मोकळीक होणार होती. समन्वयक वहिनींना काहीच मिळणार नव्हतं, उलट लोकांच्या मागे लागायचं त्यांचं अर्धं काम नवी सिस्टिमच करणार होती. तरी सगळ्यात जास्त उत्साह त्यांनाच. माणसं अशी असतात.

ही कंपनी दवाखान्यातल्या पंपांचं सॉफ्टवेअर लिहिते. पलंगाशेजारी उभा असतो तो पंप, ठरल्या वेळी ठरलेलं औषध नळीतून शिरेत सोडणारा. त्यात काय बिघडलं, कोण दुरुस्त करतंय, कुठे अडलंय, हे सगळं टीम एका सामाईक सिस्टिममध्ये लिही. एकेका नोंदीला म्हणायचं तिकीट. जुनी सिस्टिम अठ्ठावीस तारखेला, शनिवारी सकाळी नऊला बंद केली आणि संध्याकाळी पाचला नवी उघडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाचच दिवसांनी पंपाची नवी आवृत्ती दवाखान्यांत गेली.

अपग्रेडनंतर एकोणिसाव्या दिवशी एका दवाखान्यात दुपारी तासाभरात चार वेळा वीज गेली आणि आली. ऑपरेशन झालेल्या एका बाईंना पंपातून वेदनाशामक चालू होतं. वीज येई तेव्हा पंप नव्यानं सुरू होई आणि शेवटचा डोस पुन्हा देई. चार वेळा. बाई त्रेचाळीस वर्षांच्या होत्या, नवरा बसचालक. पाच वाजता नर्स बघायला आली तेव्हा श्वास थांबलेला होता.

नेमका हाच बिघाड ताईंनी अपग्रेडच्याही आधी, नऊ तारखेला तिकीट क्रमांक ४४१७ मध्ये लिहिला होता: ‘वीज जाऊन आली की शेवटचा डोस परत दिला जातो. तीन वेळा पाहिलं.’ कंपनीच्या वकिलानं त्याच तिकिटाचं एक पान छापून पोलिसांना दिलं. पानावर तीन ओळी होत्या. उघडलं: ताई. बंद केलं: ताई. तारीख दोन्हीकडे नऊ.

ताई म्हणाल्या, “मी ते बंद केलं नाही.”

पान म्हणत होतं, केलं. आणि कोर्टात पानाचं ऐकतात. सोमवारी अकरा वाजता ताईंवर आरोपपत्र दाखल होणार होतं.

२

परवाना खात्यानं पाठवलेल्या तपासनीसबाई गुरुवारी सकाळी आल्या, म्हणजे हातात कामाचे दोन दिवस. निवृत्तीला सात महिने राहिलेले, पायात आवाज न करणारे बूट, आणि एक खोड: कॉम्प्युटरला स्वतः हात लावायचा नाही. “तुम्ही दाखवा, मी बघते,” म्हणायचं आणि पडद्याऐवजी दाखवणाऱ्याकडे बघायचं.

पहिले प्रमुख.

“माणूस चांगला होता हो,” ते म्हणाले.

“कोण?”

“ताई. म्हणजे, आहेत. चांगल्या आहेत. पण घरी वडील अंथरुणाला, डोक्याला ताप. एखाद वेळी हात चुकतो.”

“तुम्हाला घाई होती का?”

“घाई कोणाला नसते? पण नव्या सिस्टिममध्ये कोणाच्या सहीवर रिलीज जात नाही. सुरक्षेचं एकही तिकीट उघडं नसेल तरच गाडी पुढे जाते. आपोआप. त्यासाठीच तर अपग्रेड केलं! माणसाची चूक नको म्हणून.”

“आणि ताईंचं तिकीट बंद होतं, म्हणून गाडी गेली.”

“हो ना.” प्रमुखांनी पेन टेबलावर आपटलं. “नवी सिस्टिम तशी उत्तम आहे. पण माझं काय झालं माहितीये? संचालकांसाठी एक रिपोर्ट मागितला होता मी. त्याचं तिकीट अपग्रेडनंतर गायब. बंद पडलं म्हणे. महिनाभर शोधत होतो. संचालकांसमोर तोंडघशी पडलो.”

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. प्रमुखांना वाटलं, आपलं दुःख लिहिलं.

३

झटपटनं खुर्ची उलटी फिरवून तिच्यावर घोड्यासारखी मांड ठोकली, मग बाईंचा चेहरा बघून सरळ बसला.

“बिघाड तुमचा?”

“माझा.”

“मग तिकीट बंद झाल्याचा फायदाही तुमचा.”

“लोक म्हणतात तसं. म्हणू देत.” त्याचे डोळे सहा आठवड्यांत खोल गेले होते. “ताईंनी सांगितलं होतं मला. म्हटलं, एकाच पंपावर दिसतंय, दुसरा पंप येऊ दे, मग बघू. नंतर अपग्रेडची गडबड. पुढे एक दिवस पाहिलं तर तिकीट यादीत नाही. मला वाटलं, ताईंना परत दिसलं नसेल, त्यांनी काढलं.”

“विचारलं नाहीत?”

“बाई, माझी चाळीस तिकिटं त्या दिवशी यादीतून गेली. चाळीस! माझा आवडता वायरलेसचा प्रकल्पसुद्धा. कोणी साफसफाई केली असेल म्हटलं. डोक्यावरचं ओझं कोणी उतरवलं, तर आपण त्याला हाका मारून परत बोलावतो का?”

उत्तर प्रामाणिक होतं, म्हणूनच ऐकवत नव्हतं.

किल्लीवाल्याची खोली गार होती. तो स्वेटर घालून बसला होता आणि बाईंनी न विचारताच शपथा घेत होता. “मी फक्त तिकिटं नव्या सिस्टिममध्ये नेणारी स्क्रिप्ट चालवली. जुन्या सिस्टिममध्ये तिकिटाच्या अकरा अवस्था होत्या, नवीत चारच. कुठली कुठे न्यायची, त्याचा तक्ता मीटिंगमध्ये ठरला. हा बघा, पाचही जणांच्या सह्या.”

बाईंनी तक्ता वाचला. बुधवार, पंचवीस तारीख. सातवी ओळ: ‘वेटिंग’ जाईल ‘उघडं’मध्ये.

“ताईंचं तिकीट कुठल्या अवस्थेत होतं?”

“ते आता कसं सांगू? जुनं मशीन भंगारात गेलं. नव्यात फक्त शेवटची अवस्था आणि शेवटचा हात कोणाचा, कधी लागला, एवढंच आलं.”

“मग ‘बंद केलं: ताई’ हे कुठून आलं?”

किल्लीवाला घुटमळला. “नव्या सिस्टिमला बंद तिकिटावर बंद करणाऱ्याचं नाव लागतंच. जुनीत ते नव्हतं. म्हणून स्क्रिप्टला सांगितलं, ज्याचा हात शेवटचा लागलाय त्याचं नाव घाल, त्याचीच तारीख घाल.”

“म्हणजे हे नाव ताईंनी लिहिलेलं नाही. स्क्रिप्टनं लिहिलंय.”

“हो, पण तिकीट मुळात बंद असल्याशिवाय स्क्रिप्ट नाव घालणार नाही ना! ते मी वकिलांना सांगितलं. ते म्हणाले, एवढ्या खोलात नको.” त्यानं स्वेटरची बाही ओढली. “या अपग्रेडनं माझंही नुकसान केलंय. सर्व्हरसाठी जादा बॅटरी मागितली होती, ते तिकीट गेलं. परत लिहावं लागलं.”

बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

“एवढं मोठं काम एकदम शनिवारीच केलंत? रंगीत तालीम नाही झाली?”

खोली गार होती. तरी किल्लीवाल्याच्या कपाळावर घाम आला.

४

वहिनींचं हे नाव जुनं. त्यांचा नवरा पूर्वी इथे होता, सगळ्यांचा दादा. तो नोकरी सोडून गेला, वहिनी राहिल्या. टीममधल्या प्रत्येकाचा वाढदिवस त्यांना पाठ. पोलीस ताईंना पहिल्यांदा घेऊन गेले, त्या दिवशी अख्ख्या मजल्यावर रडल्या त्या फक्त वहिनी.

“मी जाते ना त्यांच्याकडे,” त्या म्हणाल्या. “डबा देते. त्या वकिलाकडे गेल्या की त्यांच्या वडिलांजवळ, अप्पांजवळ बसते. माणसानं माणसाचं करायचं नाही तर कोणी?”

“तिकिटांच्या मागे लागणं तुमचं काम?”

“होतं. आता सिस्टिमच मेल पाठवते. तिकीट अडून राहिलं की लाल होतं. वर संचालकांच्या खोलीत मोठा पडदा लावलाय, सगळ्यांना दिसतं. पण मला आवडते नवी सिस्टिम. सुटसुटीत आहे.”

“तुमचं काही हरवलं नाही त्यात? बाकी सगळे तक्रार करतायत.”

“नाही बाई. माझं काहीच नाही गेलं. माझं असतंच काय? एखाददुसरं तिकीट.”

बाईंनी वही मिटली. वहिनींनी त्यांना पाण्याचा ग्लास भरून दिला आणि जाताना जिना निसरडा आहे, जपून, असंही सांगितलं.

५

ताईंच्या घरी अप्पा जेवत होते. म्हणजे ताई घास भरवत होत्या आणि अप्पा प्रत्येक घासाआधी त्यांच्याकडे नीट बघून घेत होते. चेहरा ओळखीचा वाटला की तोंड उघडत. दुसऱ्या कोणाच्या हातचं खात नसत.

“सोमवारनंतर यांचं काय, तेवढाच विचार करतेय,” ताई म्हणाल्या. “बाकी सगळं सोसेन.”

“डोस परत जातो, हे तुम्ही तीन वेळा पाहिलंत. मग तिकिटाला ‘ब्लॉकर’ का नाही लावलं? रिलीज तिथेच अडलं असतं.”

ताईंनी चमचा खाली ठेवला.

“ब्लॉकर लावला की वरच्या सगळ्यांना मेल जातो. सर म्हणाले होते, या महिन्यात ब्लॉकर नको, काही असेल तर तोंडी बोला. मी झटपटशी तोंडी बोलले. तो म्हणाला, दुसरा पंप येऊ दे. म्हणून वेटिंगमध्ये टाकलं.” त्यांनी अप्पांचं तोंड पुसलं. “खरं सांगू का? आमच्याकडे वेटिंग म्हणजे भांडण टाळायची जागा. कोणाला नाही म्हणवत नाही, हो म्हणायचं नसतं. टाका वेटिंगमध्ये. सगळेच टाकायचे. आत काय काय आहे, कोणी बघायचं नाही.”

“अपग्रेडनंतर यादीत दिसलं नाही, तेव्हा?”

“वाटलं, त्यानं दुरुस्त केलं. जुन्या सिस्टिममध्ये तिकीट दिसेनासं झालं म्हणजे दुरुस्त झालं, हाच अर्थ होता. नऊ वर्षं.” अप्पांनी तोंड उघडलं, तसा ताईंनी चमचा उचलला. “त्याला वाटलं मी काढलं, मला वाटलं त्यानं सांधलं. दोन टेबलं सोडून बसतो हो आम्ही.”

बाहेर पडताना बाईंचा फोन वाजला. किल्लीवाला कुजबुजत होता.

“मॅडम, एक कबूल करायचंय. नोकरी जाईल माझी. पण सकाळी तुम्ही विचारल्यापासून घास उतरत नाहीये.”

६

तालीम झाली होती. अपग्रेडच्या पंधरा दिवस आधी, तेरा तारखेला, किल्लीवाल्यानं जुन्या सिस्टिमची पूर्ण प्रत काढून तिच्यावर स्क्रिप्ट चालवून पाहिली होती. नियम असा की तालमीची प्रत दुसऱ्या दिवशी पुसायची, कारण तिच्यात दवाखान्यांची माहिती असते. त्यानं ती पुसली नव्हती, पण वहीत ‘पुसली’ असं लिहून ठेवलं होतं. खोटी नोंद म्हणजे बडतर्फी. म्हणून सहा आठवडे तो गप्प होता, आणि गप्प राहून ताईंना तुरुंगाच्या दारापर्यंत जाताना बघत होता.

शुक्रवारी सकाळी त्यानं ती प्रत उघडली. बाई त्याच्या मागे उभ्या राहिल्या.

“४४१७ काढा.”

तिकीट ‘वेटिंग’मध्ये होतं. तेरा तारखेला. जे तिकीट नऊ तारखेला बंद झालं म्हणून छापील पान सांगत होतं, ते चार दिवसांनी जिवंत, उघडं, कोणाची तरी वाट बघत बसलेलं होतं.

“सुटल्या ताई,” किल्लीवाला म्हणाला.

“ताई सुटल्या. मग अडकलं कोण? तक्त्यात वेटिंग उघड्यामध्ये जायचं ठरलं होतं. स्क्रिप्टनं जी फाइल वाचली, ती दाखवा.”

त्यानं फाइल उघडली. सातवी ओळ: ‘वेटिंग’ जाईल ‘बंद’मध्ये. शेवटचा बदल, शुक्रवार, सत्तावीस तारीख, दुपारी तीन वीस. म्हणजे सह्या झाल्यावर दोन दिवसांनी आणि अपग्रेडच्या आदल्या दुपारी. बदल करणाऱ्याचं नाव: ‘अपग्रेड’.

“हा कोण?”

“सगळ्यांचं सामाईक लॉगिन. पासवर्ड मीटिंगच्या फळ्यावर लिहिला होता. पाचांपैकी कोणीही...”

“एकूण किती तिकिटं होती वेटिंगमध्ये?”

“या प्रतीत तीनशे तेरा.”

“आणि अपग्रेडच्या दिवशी बंद झाली किती?”

त्यानं मोजायला लावलं. मशीननं आकडा दिला, तो किल्लीवाल्यानं दोनदा वाचला.

“तीनशे बारा. पण हे कसं? तालमीनंतर वेटिंगमध्ये नवं काही टाकायचं नाही, असा नियम होता. आणि त्यातून बाहेर तर कोणी काही काढतच नाही.”

“कोणीतरी काढलं,” बाई म्हणाल्या. “एकच. कुठलं, ते शोधा. आणि मग मला कंपनीच्या भांडारात घेऊन चला. तिथली आवक वही बघायची आहे.”

७

दुपारी चारला पाचही जण मीटिंगच्या खोलीत जमले. फळ्यावरचा पासवर्ड पुसलेला होता, पण नीट पुसलेला नव्हता. ताई दाराजवळ बसल्या होत्या. वहिनींनी त्यांचा हात आपल्या हातात धरला होता.

बाईंनी प्रत, फाइल आणि तीन वीसची वेळ सांगितली. ताईंनी डोळे मिटले.

“हे झटपटनं केलं असेल,” प्रमुख म्हणाले. “त्याचा बिघाड, त्याची सोय.”

“आणि खुर्ची कोणाची सोय होती, सर?” झटपट उठला. “ब्लॉकर नको, तोंडी बोला, हे कोण म्हणालं होतं?”

“बसा,” बाई म्हणाल्या. “मीसुद्धा काल दिवसभर हेच विचारत होते. ४४१७ बंद झाल्यानं फायदा कोणाचा? प्रश्नच चुकला होता. ज्याला एक तिकीट दाबायचं असतं तो एक तिकीट दाबतो. त्यासाठी तीनशे बारा कशाला बुडवेल? म्हणून मी उलट बाजूनं मोजलं. फायदा सोडून दिला. नुकसान कोणाचं झालं, ते मांडलं.”

खोलीतली खुर्ची करकरली.

“सरांचा रिपोर्ट गेला, संचालकांसमोर नाक कापलं गेलं. ओळ बदलणारे ते असते, तर आधी स्वतःचा रिपोर्ट वेटिंगमधून काढला असता. झटपटची चाळीस गेली, त्यात त्याचा जीव की प्राण वायरलेस. किल्लीवाल्याची बॅटरी गेली. ताईंचं काय गेलं, ते सांगायला नको. काय बुडणार आहे हे या चौघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं, कारण चौघांनीही आपलं सामान आतच ठेवलं होतं. पण सत्तावीस तारखेच्या त्या शुक्रवारी तीन वाजून बारा मिनिटांनी, म्हणजे फाइल बदलायच्या आठ मिनिटं आधी, एका माणसानं आपलं एकुलतं एक तिकीट वेटिंगमधून काढून ‘काम सुरू’मध्ये ठेवलं. क्रमांक ३९६०. पंपाच्या अलार्मचा आवाज मोठा करावा.”

ताईंच्या हातावरची पकड सैल झाली.

“सही केलेल्या तक्त्याप्रमाणे वेटिंगमधलं सगळं उघडंच राहणार होतं,” बाई सावकाश म्हणाल्या. “त्यातून काही वाचवायची गरज नव्हती. गरज फक्त त्याला, ज्याला माहीत होतं की सगळं बुडणार आहे. वहिनी, ३९६० तुमचं.”

“काम सुरू झालं होतं,” वहिनी म्हणाल्या. “म्हणून हलवलं.”

“कसलं काम? ते तिकीट नव्या स्पीकरसाठी थांबलं होतं. भांडारातल्या आवक वहीत स्पीकर आलाय पुढच्या महिन्याच्या सहा तारखेला. अपग्रेडनंतर नऊ दिवसांनी.”

वहिनींनी सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं, वाढदिवस पाठ असलेल्या माणसांकडे.

“माझी आई अशाच पंपावर होती,” त्या म्हणाल्या. “अलार्म वाजत होता आणि नर्सला ऐकू येत नव्हता. ते तेवढं एक मला... बाकीची मला माहीत नव्हती.”

“४४१७ माहीत नव्हतं?”

“नाही हो! एकही माहीत नव्हतं. तीनशे तेरा कोण वाचतं?” आता त्या भराभर बोलायला लागल्या. “मीटिंगमध्ये सर म्हणाले, समन्वयकाच्या जागेचा सोमवारनंतर विचार करू. अपग्रेडनंतरच्या सोमवारी वर तो पडदा लागणार होता. पहिल्याच दिवशी तीनशे तेराचा लाल आकडा, खाली माझं नाव. सगळ्यांनी टाकायचं आणि नाव माझं! मी म्हटलं, आता बंद करू. मग हळूहळू एकेक उघडू, कोणाला कळणार नाही. उघडणार होते मी. खरंच उघडणार होते.”

“किती उघडलीत?”

वहिनी फळ्यावरच्या अर्धवट पुसलेल्या पासवर्डकडे बघायला लागल्या.

“वहिनी,” ताई म्हणाल्या. “मला पोलीस घेऊन गेले, तेव्हा तरी वाचलंत?”

“त्या दिवशी वाचलं.”

“म्हणजे सहा आठवडे तुम्ही माझ्या घरी येताय ते...”

“मी अप्पांजवळ बसायचे ना,” वहिनी म्हणाल्या. हे त्यांनी अशा स्वरात सांगितलं, जणू तेही कुठेतरी जमेला धरलं जाणार होतं.

ताईंनी आपला हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. मग दुसऱ्या हातानं तो पुसला.

८

आता कोणी काय भरलं, तेवढं मांडायचं राहिलं.

वहिनींना साडेचार वर्षांची शिक्षा झाली. फाइल बदलण्याबद्दल कमी, सहा आठवडे गप्प बसण्याबद्दल जास्त. त्यांची समन्वयकाची जागा रद्द झाली. ती तशीही होणार होती, त्याचा कागद अपग्रेडच्या आधीच टाइप झालेला होता.

ताईंवरचा आरोप सोमवारी अकराच्या आत मागे घेतला गेला. पण भरदिवसा डोळ्यांनी पाहिलेलं त्यांनी वेटिंगमध्ये टाकलं होतं, ते कोणत्याही कोर्टानं मागे घेतलं नाही. त्यांनी तपासणीचं काम सोडलं. कोणी ‘तोंडी बोलू’ म्हणालं की त्या कागद पुढे करतात. त्यामुळे लोक त्यांच्याशी फारसं बोलत नाहीत.

झटपटनं बिघाड दुरुस्त केला. दोन ओळींचा होता. अकरा मिनिटं लागली, आणि ती त्यानं स्वतः घड्याळ लावून मोजली. तेव्हापासून त्याला झटपट म्हणून हाक मारायची कोणाची हिंमत होत नाही.

किल्लीवाल्याला बडतर्फ केलं. प्रत न पुसल्याबद्दल आणि पुसली असं लिहिल्याबद्दल. त्यानं नियम पाळला असता, तर नोकरी राहिली असती आणि ताई आत गेल्या असत्या. हा मुद्दा बडतर्फीच्या पत्रात नव्हता.

ती तीनशे बारा तिकिटं एकेक करून उघडून वाचली, तेव्हा माणसाच्या जिवाशी गाठ असलेली आणखी सहा निघाली. ती लिहिणाऱ्यांपैकी कोणीही त्यांच्याबद्दल पुन्हा विचारलं नव्हतं.

प्रमुखांनी काही भरलं नाही. ते आठव्या मजल्यावर बसतात.

उरला बसचालक. अहवालाची प्रत घ्यायला तो परवाना खात्यात आला, गणवेशातच, कारण अर्ध्या तासात त्याची फेरी होती. तपासनीसबाईंनी त्याला बसवलं आणि सगळं सोप्या शब्दांत सांगितलं: वेटिंग, तक्ता, सातवी ओळ. त्यानं शांतपणे ऐकलं. त्याला एकच विचारायचं होतं, की चार वेळा वीज गेली ती नेमकी किती वाजता.

बाईंनी कागद बघून सांगितलं. तीन पन्नासपासून पावणेपाचपर्यंत.

“भेटायची वेळ चार ते पाच असते,” तो म्हणाला. “मी तिथेच होतो. तीन दिवस ती कण्हत होती, बाई. पापणीला पापणी लागली नव्हती. त्या दिवशी सव्वाचारला एकदम गप्प झाली. मी नर्सला म्हटलं, बघा, आज कशी शांत झोपलीय, तुमचे उपकार झाले. नर्स म्हणाली, उठवू का? बीपी बघायचं होतं तिला.”

त्यानं टोपी उचलली, डोक्यावर घातली, परत काढली.

“मी म्हटलं, नको. झोपू दे.”